साइटवरच्या माणसाचं मन बिघडलं तर ठेकेदारानं नेमकं काय करायचं? (सातारा-सांगलीकरांनी लिहा)

ओळंबा

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या बाहेर, हायवेच्या अंगाला एका पाच मजली इमारतीचं काम चालू आहे, ठेका माझ्याकडे. मी काही बडा बिल्डर नव्हे. गवंड्याचा पोरगा, डिप्लोमा करून ठेकेदारीत आलो. गवंडी आपल्या माण-खटावचे, सेंट्रिंगची (स्लॅब-कॉलमसाठी फळ्यांचे साचे बांधणारी) गँग विजापूरकडची, सळईचं काम बंगाली पोरांकडे, बिगारी नाक्यावर मिळतील तसे.

सळईच्या गँगमधला एकजण काही आठवड्यांपासून गप्प झालाय. आधी मोबाइलवर गाणी लावून काम करायचा, आता दोनदा हाक मारल्याशिवाय बघत नाही. कॉलमच्या रिंगा भलत्याच अंतरावर बांधल्या, इंजिनिअर ओरडला, तर नुसता उभा राहिला. रात्री झोपत नाही असं खोलीतले सांगतात, डबा तसाच परत येतो. परवा त्यानं तार बांधायचा आपला हुक साथीदाराला देऊन टाकला. 'तू ही रख ले' म्हणाला. या कामातल्यांना कळेल, सळईवाला आपल्या हुकाला दुसऱ्याला हात लावू देत नाही. दांडा त्याच्या मुठीला बसलेला असतो.

मुकादम म्हणतो घरची आठवण येतेय, गावाला जाऊन आला की होईल सरळ. मला ते पटत नाही. पण बोलायचं काय आणि न्यायचं कुठं? शिवाय काही बरंवाईट झालं तर पोलीस आधी माझ्या दारात येणार, हेही डोक्यात आहे, खोटं कशाला बोलू. हेल्मेट, बेल्ट, जाळी यावर मीटिंगा होतात. याच्यावर कुणी काही करतं का?

शाहूपुरी_सुन्या

पगार वेळेवर द्या. निम्मे मानसिक आजार जाग्यावर बरे होतील.

मिरजेची_ताई

सुन्याभाऊ, तुमचं नंतर बघू.

ओळंबा, मी मिरजेत मानसोपचाराच्या ओपीडीत समाजसेविका आहे. हुकाचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहितेय. रोजच्या वापरातली, जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, सगळ्यांची उधारी भागवून मोकळं होणं, 'माझ्यामागं' अशी भाषा, फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणं, यातलं काहीही दिसलं की वाट बघायची नसते. आजच बोला.

मुकादमासमोर नको. ऑफिसात खुर्चीवर बसवूनही नको, त्याला वाटेल हिशेब करून काढून टाकतायत. बाजूला घ्या आणि 'काय झालंय रे' असं मोघम विचारू नका. जे दिसलं ते सांगा: झोपत नाहीस, जेवत नाहीस, हुक देऊन टाकलास. मग सरळ विचारा की जीव द्यावा असं मनात येतं का. 'हो' म्हणाला तर घाबरू नका आणि उपदेशही करू नका. 'आईबापाचा विचार कर' हे तर अजिबात नको, तो विचार करकरूनच तो इथवर आलेला असतो. ऐकून घ्या. एकटं सोडू नका. वर चढवू नका, पण काम बंद म्हणून खोलीतही बसवू नका, हजेरी चालू ठेवून खाली माणसांत काहीतरी द्या.

नेण्याचं म्हणाल तर सिव्हिल, म्हणजे तुमचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग म्हणून सांगा. रात्री-अपरात्री १४४१६. ही टेली मानस, सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट. मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, पाहिजे ती भाषा निवडता येते. त्याच्यासमोर तुमच्या फोनवरून लावून दिलात तरी चालेल.

रिकामटेकडा

ताई, पण असं तोंडावर विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं नाही का व्हायचं?

मिरजेची_ताई

नाही. ही भीती सगळ्यांना असते, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांनाही असते. विचारल्यानं विचार पेरला जात नाही हे अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

ओळंबा

बोललो. दुपारच्या सुट्टीत, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला. आधी 'कुछ नहीं सेठ' चालू होतं. मग ताईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं. माझीच जीभ जड झाली होती. तो खाली बघत बोटांनी तारेचा तुकडा वळत बसला, वळून वळून त्याची गाठ केली, आणि मग 'हां, आता है' म्हणाला.

सुन्या, तुझ्यासाठी लिहितो, पैशाची भानगड नाही. घरी कर्ज नाही, बापाला दर महिन्याला पैसे जातात. याआधीच्या साइटवर (लांबच्या शहरात) याच्या गावचा पोरगा याच्या डोळ्यांदेखत डक्टमधून, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, खाली गेला. पंचनामा झाला, बॉडी गावाला गेली, आणि दोन दिवसांनी याच गँगला त्याच डक्टच्या कडेला सळई बांधायला उभं केलं. तेव्हापासून डोळा लागला की तो आवाज येतो म्हणे. आमच्या इमारतीचा डक्ट मागच्या महिन्यात वर आला, तिथून हा गप्प झाला असावा, असं आता लक्षात येतंय.

सिव्हिलला नेऊन आणलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलंय. भाऊ गावाहून निघालाय. हुक परत घेतला का विचारू नका, ते त्यांचं ते बघतील.

मिरजेची_ताई

छान केलंत. आता गाव, शहर, गँग यातलं काही लिहू नका, इथं त्याच्या ओळखीचंही कुणी असू शकतं.

एक विचारते. तो उंचीवर काम करतो हे डॉक्टरांना सांगितलंत का? कागदावर 'मजूर' एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून कळत नाही. काही गोळ्यांनी सुरुवातीला पेंग येते, उठताना चक्कर येते. ते माहीत असेल तर डॉक्टर गोळीची वेळ किंवा गोळीच बदलतात. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात. तेवढ्यात 'काही फरक नाही' म्हणून पोरं गोळ्या सोडतात, नाहीतर बरं वाटलं की सोडतात. दोन्ही वाईटच.

काळी_खडी

डक्टचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी साइट इंजिनिअर, आधी सांगलीत, आता कोल्हापूर रोडला. एका साइटवर (नाव-गाव सोडा) सेंट्रिंगचा माणूस पडून गेला तेव्हा मी नवीन होते. पुढचा दिवस कसा जातो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते.

पोलीस येऊन जातात. मालकाची माणसं येतात, आत बसून बोलणी होतात. खाली जिथं तो पडला तिथं आधी वाळू टाकतात, मग कुणालातरी ती उचलायला सांगतात. कुणाला? त्याच्याच गँगच्या पोराला, कारण बाकीचे जवळ जात नाहीत. त्या पोरानं घमेल्यानं ती वाळू उचलली आणि नेऊन कुठं टाकायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो घमेलं घेऊन उभा. मी बघत होते. सुपरवायझर लांबून ओरडला, 'अरे टाक की कुठंपण.' दुसऱ्या दिवशी नारळ फोडून काम सुरू. नारळ फोडायला माझा विरोध नाही, चार माणसं त्यासाठी तरी एकत्र उभी राहतात. पण नारळानंतर लगेच लिफ्टचा भोंगा वाजला.

त्या गँगमधले तिघे पुढच्या पंधरवड्यात न सांगता निघून गेले. ऑफिसात चर्चा काय, तर 'विजापूरवाले असेच, उचल घेऊन पळतात.'

आता जिथं आहे तिथं अपघात झाला की मी हट्टानं काही गोष्टी करते. ज्यांनी पाहिलं त्यांना निदान आठवडाभर खालच्या मजल्यावर काम. साफसफाई गँगकडून नाही, बाहेरचा माणूस बोलवायचा, पैसे गेले तर गेले. हजेरी कापायची नाही. आणि त्या रात्री खोल्यांवर जाऊन बसायचं. बोलायलाच पाहिजे असं काही नाही. महिन्याभरानं पुन्हा एकेकाला विचारायचं, झोप लागते का. पहिल्या आठवड्यात झोप उडाली तर ते स्वाभाविक असतं, पण महिना उलटून तसंच असेल तर डॉक्टर गाठायचा.

शाहूपुरी_सुन्या

ओके. या पोराचं प्रकरण वेगळं, मान्य. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. धाग्याचं नाव बघा, 'ठेकेदारानं काय करायचं'. ठेकेदाराच्या हातात गोळ्या नाहीत, समुपदेशन नाही. हिशेब आहे.

मी सात-आठ वर्षं मुकादमी केलीय, त्यावरून सांगतो. माणूस येतानाच उचल घेऊन येतो. ती फिटेपर्यंत त्याला जाता येत नाही, आणि फिटली का नाही हे मुकादमाच्या वहीवर. वही त्याला वाचता येत नाही. घरी बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, गटातल्या बाया दारात येऊन बसतात, मग ती इकडं फोन करते. हा म्हणतो शनिवारी पाठवतो. शनिवारी ठेकेदार म्हणतो बिल आलं नाही, पुढच्या शनिवारी. असे दोन शनिवार गेले की बघा त्या माणसाकडं. त्यात आता मोबाइलवर कर्ज देणारी ॲपं आणि रमी. पोरं रात्री पत्र्याच्या खोलीत अंधारात रमी खेळत बसतात.

पगाराची तारीख ठरवा आणि मोडू नका. अर्धेच असतील तर अर्धे द्या, पण 'अर्धे अमुक दिवशी' हे आधी सांगा. माणसाला कमी पैसे सोसतात, अनिश्चित पैसे सोसत नाहीत. शनिवारी संध्याकाळी रोख देऊ नका. शनिवारी संध्याकाळी देशीच्या दुकानाला मजुराचा पत्ता विचारावा लागत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी द्या, खात्यावर द्या. वहीचं पान महिन्याला एकदा त्याच्या मोबाइलवर फोटो काढून द्या, त्याच्या गावात वाचणारं कुणीतरी असतंच.

जतची_लेक

सुन्यादादा बरोबर बोलताय, फक्त तुमच्या हिशेबात बाई कुठाय? माझी आई बिगारी होती, सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला कितीतरी बंगल्यांवर तिनं घमेली वाहिलीत. आईची हजेरी वडलांच्या नावासमोर 'जोडी' म्हणून लागायची आणि पैसे वडलांच्या हातात पडायचे. तिनं केलेल्या कामाचे पैसे तिला मागून घ्यावे लागायचे, ते पण ते शुद्धीत असतील तर.

तुम्ही सगळे पोरांच्या झोपेचं बोलताय. साइटवरची बाई सगळ्यांच्या आधी उठते, कारण उजाडल्यावर आडोसा नसतो. दिवसभर पाणी कमी पिते, त्याच कारणानं. तान्हं पोर वाळूच्या ढिगावर झोपवलेलं, अर्धं लक्ष तिकडं. ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे असं १९९६ च्या कायद्यात लिहिलं होतं. आपल्याकडं एका साइटवर पन्नास बायका असतात कुठं? म्हणजे पाळणाघर कधी झालंच नाही.

ओळंबादादा, दोन गोष्टी करा. बाईची हजेरी वेगळी लावा, पैसे तिच्या खात्यावर टाका. आणि दाराला आतून कडी असलेला संडास बांधा. याला कुणी मानसिक आरोग्य म्हणणार नाही, पण माझ्या आईनं म्हटलं असतं.

काळी_खडी

जतची_लेक, कडीच्या मुद्द्याला माझंही अनुमोदन. इंजिनिअर बाईलाही तोच संडास असतो.

कराडचा_वकील

पोलिसांचा प्रश्न तसाच राहिलाय म्हणून लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याच्यावर खटला नाही, उलट सरकारनं त्याची काळजी आणि पुनर्वसन बघायचं. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलंच नाही. २२६ राहिलंय, ते सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. तेव्हा 'केस होईल' म्हणून दवाखान्यात न नेणं हा शुद्ध अडाणीपणा.

आत्महत्येला प्रवृत्त करण्याचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १०८. पण तुम्ही माणसाची विचारपूस केली, दवाखान्यात नेलं, एवढ्यावरून ते कलम तुम्हाला लागत नाही. पैसे अडवून, मारहाण करून, कोंडून ठेवणाऱ्यानं त्याची काळजी करावी. बाकी मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांनाही सांगितलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरा. मजुरांचा गट विमा काढत असाल तर पॉलिसी वाचून घ्या.

आकडेमोड्या

माहितीसाठी: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यात रोजंदारीवरचे २६ टक्क्यांच्या वर, म्हणजे व्यवसायवार बघितलं तर सगळ्यांत मोठा गट. मात्र रोजंदारी म्हणजे फक्त बांधकाम नव्हे. हमाल, हॉटेलातली पोरं, बरेच आले त्यात.

ब्रिस्बेन_रिटर्न_पाटील

मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये साइटवर होतो. तिकडं २००८ पासून 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन' म्हणून चळवळ आहे, बांधकाम कामगारांत आत्महत्यांचं प्रमाण जास्त होतं म्हणून उद्योगातल्यांनीच उभी केलेली. साइटवरच्या सगळ्यांना थोडा वेळ बसवून सांगतात की साथीदार बिघडतोय हे कसं ओळखायचं. त्यांतले काही 'जोडणारे' होतात. त्यांनी उपचार करायचे नसतात, माणसाला सुरक्षित ठेवून मदतीपर्यंत पोचवायचं एवढंच. त्यांच्या हेल्मेटवर स्टिकर असतं, त्यामुळे कुणाकडं जायचं ते कळतं. मला आवडलं ते हे, की काम साहेबाकडं न देता शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं दिलं.

रिकामटेकडा

पाटील, स्टिकर लावायला आधी हेल्मेट पाहिजे.

ब्रिस्बेन_रिटर्न_पाटील

😄 ते आहेच. स्टिकर सोडा. प्रत्येक गँगमध्ये एक माणूस असतोच ज्याला सगळे सांगतात. बहुतेकदा स्वयंपाक करणारा. कोण जेवलं नाही हे त्याला पहिल्यांदा कळतं. त्यालाच शिकवा.

मिरजेची_ताई

स्वयंपाकी! पाटील, हे मी उचलणार.

दारूवर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून सांगते, कारण दर श्रावणात आमच्याकडं हे येतं. गटारीला पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. रोज पिणाऱ्या माणसानं अशी एका झटक्यात सोडली तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. एखाद्याला फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतंच दिसायला-ऐकायला लागतं, अंगावर किडे चढतात म्हणतो, माणसं ओळखत नाही. हे जिवावर बेततं. साइटवर याचा अर्थ काय लागतो? बाहेरचं झालंय. मग लिंबू, देवऋषी, आणि तो तसाच परांचीवर.

देवऋषाकडं गेलात म्हणून मी रागवत नाही, माझ्या घरातलेही जातात. आधी दवाखाना, एवढंच. 'दारू सोडली' असं कुणी सांगितलं की शाबासकी द्या आणि चार-पाच दिवस वर चढवू नका, थरथर दिसली तर लगेच दवाखान्यात न्या. सोडण्यासाठी साताऱ्यात 'परिवर्तन' आहे, नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली व्यसनमुक्ती संस्था, तुमच्या अगदी हाताशी. नोंदीत कामगाराला व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी बांधकाम कामगार मंडळाचं अर्थसहाय्यही आहे.

शाहूपुरी_सुन्या

'नोंदीत' म्हणालात ना ताई. नोंदीला गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदारानं सही करून द्यायचा असतो, आणि बरेच ठेकेदार सही करत नाहीत, उगाच अंगावर नको म्हणून. मग पोरं एजंटाला पैसे देऊन दाखला 'काढतात'. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर भरलेला असतो, तो याच माणसांसाठी. ओळंबा, तुझ्या साइटवरच्या किती जणांना दाखला दिलास?

ओळंबा

गवंड्यांना दिलाय. विजापूरवाल्यांना आणि बंगाली पोरांना नाही, ती टिकत नाहीत म्हणून दिला नाही. दिवस भरलेत त्यांचे. देतो.

बिल_अडकलेला

सगळं पटलं. फक्त एक, धाग्यात ठेकेदार म्हणजे देणारा असं धरून चाललंय. माझं सरकारी कामाचं बिल वर्षावर अडकलंय. सिमेंटवाला दारात, मुकादम दारात, बायकोचे दागिने बँकेत. पगाराची तारीख मोडू नका म्हणणं सोपं आहे हो सुन्याभाऊ. मीही रात्री छताकडं बघत पडलेला असतो. कुणाला सांगायचं? मजुरांना सांगितलं तर पळून जातील, घरी सांगितलं तर ती आजारी पडेल.

मिरजेची_ताई

इथं सांगितलंत हे बरं केलंत. १४४१६ फक्त मजुरांसाठी नाही, आज रात्री लावा. आणि मी ओळंबांना जे विचारायला सांगितलं तेच तुम्हाला विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? इथं उत्तर द्यायचं नसेल तर मला निरोप पाठवा, मी जागी आहे.

शाहूपुरी_सुन्या

बिल_अडकलेला, दादा, तुमच्यावर रोख नव्हता. खासगीत नंबर पाठवलाय. उद्या कराडला येतोय कामानं, भेटू. सिमेंटवाल्याशी बोलायचं असेल तर दोघं मिळून बोलू, माझा त्या लाइनीत अजून थोडा वट आहे.

बिल_अडकलेला

ताई, निरोप पाठवलाय. सुन्याभाऊ, या. दुपारनंतर मोकळा आहे.

ओळंबा

पोरगा बराय असं नाही म्हणणार, पण झोपतोय. भाऊ आलाय, तोही सळईचाच कारागीर निघाला, दोघं खाली रिंगा वळायला बसतात. डक्टला आधी जाळी मारून घेतली, मग वरचं काम सुरू केलं. डॉक्टरांना उंचीचं सांगितलं, गोळी रात्रीची केली त्यांनी. पगार आता बाजाराच्या दिवशी सकाळी, यावर गवंडी नाराज आहेत, त्यांना शनिवारच पाहिजे. बघू कोण कुणाला वाकवतंय.

एक मदत हवीय. १४४१६ चा बोर्ड करायचा आहे, मराठी-हिंदी जमेल. कन्नड आणि बंगालीत कोण लिहून देईल? 'मानसिक आजार' वगैरे नको, साधं पाहिजे. 'झोप येत नाही, मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, तर या नंबरावर बोला, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही' असं काहीतरी.

जतची_लेक

कन्नड मी देते, आमच्याकडं अर्धं गाव कन्नडच बोलतं. बंगाली त्या पोरांकडूनच लिहून घ्या. आणि बोर्ड ऑफिसच्या दारात लावू नका दादा, तिथं थांबून कुणी वाचत नाही, सगळे बघतात. पाण्याच्या टाकीपाशी लावा. एक बायकांच्या संडासाच्या आतल्या बाजूला, कडी बसवाल तेव्हा.